प्लॅटिपस, आय-आय आणि आपलं खवले मांजर : विचित्र दिसणाऱ्या प्राण्यांची ओळख

प्लॅटिपसचं चित्र वर्गात दाखवलं की मुलं हमखास विचारतात, "हे खरं आहे का?" मुलांचं काही चुकत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस या प्राण्याचं कातडं ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला पोहोचलं, तेव्हा तिथल्या विद्वानांनाही हीच शंका आली होती. 1799 मध्ये जॉर्ज शॉ या शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन छापलं, पण बदकाची चोच कुणी शिवून तर लावली नाही ना, असा संशय त्यालाही होताच. चोच बदकासारखी, शेपटी चपटी, अंगावर दाट लव. हा प्राणी अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो. नराच्या मागच्या पायाला विषारी नखी असते. पाण्यात तो डोळे-कान मिटून घेतो आणि भक्ष्याच्या हालचालीतून निघणारी सूक्ष्म वीज चोचीने ओळखतो.

मादागास्कर बेटावरच्या आय-आयचं नशीब मात्र त्याच्या सूरतीनेच खराब केलं. हा माकडांच्या दूरच्या नात्यातला लेमूर. मोठे कान, वटारलेले डोळे, उंदरासारखे सतत वाढणारे दात आणि हाताचं मधलं बोट काडीसारखं बारीक. रात्री तो या बोटाने झाडाच्या खोडावर टकटक करतो, कान लावून आतली पोकळी ओळखतो, दातांनी भोक पाडतो आणि त्याच बोटाने अळी बाहेर ओढतो. म्हणजे सुतार पक्ष्याचंच काम! पण तिथल्या काही भागांत लोक मानतात की आय-आयने बोट दाखवलं तर मरण येतं. या वहमापायी तो दिसला की मारला जातो. जंगलतोड आहेच. आज तो संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

आता आपल्या घराजवळचा प्राणी. खवले मांजर कोकणात, सह्याद्रीच्या पट्ट्यात आजही आहे, पण रात्री फिरणारं आणि लाजाळू असल्याने फार कमी लोकांनी पाहिलेलं. नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचं काही नातं नाही. जगात याच्या आठ जाती मानल्या जातात, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. अंगावर खवले असलेला सस्तन प्राणी हा एवढाच. तोंडात दात नाहीत. लांब, चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी खातो, म्हणजे शेतकऱ्याचा दोस्तच म्हणायला हवा. मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते आणि ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं.

धोका वाटला की ते अंगाचा घट्ट गोळा करतं. हा गोळा सिंहालाही सहसा उलगडत नाही. माणसाला मात्र तो उलगडायची गरजच नाही, उचलून पोत्यात घातलं की झालं. ज्या युक्तीने ते वाघ-सिंहापासून वाचलं, तीच माणसापुढे त्याला महागात पडली.

ही चोरी होते खवल्यांसाठी. चीन आणि व्हिएतनाममधल्या पारंपरिक औषधांत ते वापरले जातात. आता हे खवले कशाचे? आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे, त्याच केराटिनचे. त्याने रोग बरा होतो याचा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही. 2016 मध्ये जोहान्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आठही जातींच्या व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. 2020 मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून हे खवले वगळले. तस्करी तरीही थांबलेली नाही.

गावातल्या तरुणांना "लाखो रुपये मिळतील" असं सांगणारे दलाल भेटतात. त्या लाखांचं खरं काय होतं, हे घरातल्या मोठ्यांनी पोरांना स्पष्ट सांगायला हवं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खवले मांजर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने आहे. शिकार किंवा विक्रीचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची कैद आणि वर दंड. पैसे दलालाचे, तुरुंग मात्र पकडलेल्या पोराचा!

अंगणात किंवा विहिरीच्या कडेला हा प्राणी दिसला तर त्याला हात लावू नका, कुत्रे लांब ठेवा, गर्दी जमवू नका आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. फोटो काढलाच तर जागेचं नाव टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, तस्करही ग्रुपमध्ये असतात. खवले मांजर अंगावर येत नाही. शांतता झाली की थोड्या वेळाने गोळा सोडून ते आपल्या वाटेने निघून जातं.