विक्रमांची वही कोणाच्या हातात?

१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, अमेरिकेतल्या प्रमुख बेसबॉल लीगचे सगळे खेळाडू पाठीवर ४२ हा एकच क्रमांक घालून मैदानात उतरतात. तो क्रमांक जॅकी रॉबिन्सन यांचा. १५ एप्रिल १९४७ रोजी ते ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळले आणि साठेक वर्षे कृष्णवर्णीयांना बंद असलेले दार उघडले.

सोहळा चांगलाच आहे. पण त्यात एक प्रश्न बुडवला जातो. दार बंद कोणी केले होते? १८८४ मध्येच मोझेस फ्लीटवुड वॉकर हे कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडो संघातून प्रमुख लीगमध्ये खेळले होते. पुढे गोऱ्या संघमालकांनी आपसांत समजून घेतले की यांना घ्यायचे नाही. प्रमुख लीगच्या नियमावलीत तशी एक ओळही नव्हती. आपल्या गावच्या पाणवठ्यावर तरी कुठे पाटी लावलेली असायची?

आता विक्रम बघा. सॅचेल पेज या गोलंदाजाने प्रमुख लीगमध्ये पाऊल टाकले ते ९ जुलै १९४८ ला, बेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. १९६५ मध्ये, ५९ व्या वर्षी, त्यांनी बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध तीन डाव एकही धाव न देता टाकले. लोक याला गंमतीचा विक्रम म्हणतात. मी याला पुरावा म्हणतो. ज्याची उमेदीची वर्षे हिरावून घेतली, त्याच्या नावावर ‘सर्वात वयस्कर नवखा’ असा विक्रम लागला! आणि ज्या रेड सॉक्सविरुद्ध ते खेळले, तो संघ कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा शेवटचा संघ होता. १९५९ साली!

जॉश गिब्सन यांना तेवढेही मिळाले नाही. रॉबिन्सनच्या पदार्पणाआधी तीन महिनेही उरले नव्हते, तेव्हा २० जानेवारी १९४७ ला वयाच्या ३५ व्या वर्षी ते गेले. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीग्जना प्रमुख दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदीत आली आणि कारकिर्दीतल्या फलंदाजी सरासरीत गिब्सन (.३७२) टाय कॉबच्या (.३६७) पुढे गेले. मृत्यूनंतर ७७ वर्षांनी.

लगेच आक्षेप आला, ‘त्यांचे हंगाम छोटे होते, तुलना कशी करणार?’ हंगाम छोटे होते, हे खरे. पण कॉब तरी कोणाविरुद्ध खेळला? देशातले अनेक उत्तम गोलंदाज बाहेर ठेवून रचलेला विक्रम इतकी वर्षे निर्विवाद चालला, तेव्हा कोणाला शंका आली नाही.

आपल्याकडे पळवणकर बाळू आठवा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा चर्मकार समाजातला गोलंदाज हिंदू संघाचा कर्णधार कधीच झाला नाही. १९२३ मध्ये तो मान धाकटा भाऊ विठ्ठलला मिळाला. बाळूच्या वाट्याचे गेले ते गेलेच.

म्हणून मित्रांनो, यापुढे कोणी ‘मेरिट’चा आकडा तोंडावर फेकला, तर आधी एवढेच विचारा : मैदानात कोणाला येऊ दिले होते आणि वही कोण लिहीत होते?

जयभीम!