मालाडच्या खाडीत तिवरंच जास्त का? जमिनीचा इतिहास आणि झाडांचं गणित

मालाड पश्चिमेला खाडीकडे गेलात की चिखलात उभी असलेली हिरवी झाडी दिसते. पूर्वेला अप्पापाड्याच्या मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. दोन्हीकडची हिरवळ आपल्याला एकसारखीच नैसर्गिक वाटते. पण तिथे कोणतं झाड उगवतं, हे माती आणि पावसाइतकंच त्या जमिनीचा पूर्वी कसा वापर झाला यावरही ठरतं.

हा परिणाम किती काळ टिकतो?

कधीकधी हजारो वर्षं. ईशान्य फ्रान्समधल्या एका जंगलाचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. तिथे रोमन काळात शेती होत असे. ती बंद होऊन जवळपास 2000 वर्षं उलटली, वर जंगल उभं राहिलं. तरीही जुन्या शेतांच्या जागी मातीत फॉस्फरस जास्त आढळला आणि तिथल्या वनस्पतीही आजूबाजूच्या जंगलापेक्षा वेगळ्या निघाल्या. म्हणजे माणूस निघून गेला, तरी जमीन त्याचा वापर विसरत नाही.

खाडीत काय घडलं?

खारफुटी म्हणजे एकच झाड नव्हे. तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी अशा अनेक प्रजाती त्यात येतात. मुंबईच्या खाड्यांमध्ये मात्र तिवराचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. त्यामागे या झाडाची सहनशक्ती आहे. तिवर पानांवाटे जादा मीठ बाहेर टाकतं. पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर काढून श्वास घेतं. सांडपाण्याने प्रदूषित झालेल्या खाडीतही ते तग धरतं.

तोडीचाही इथे संबंध आहे. किनाऱ्यावरची माणसं पूर्वीपासून सरपणासाठी खारफुटी तोडत आली. तिवर तोडलं तरी खोडाला पुन्हा फुटवे येतात. कांदळाच्या जाड, जुन्या फांद्या तोडल्या, तर सहसा नवी पालवी फुटत नाही. त्यामुळे वारंवार तोड होणाऱ्या जागी तिवर टिकतं आणि कांदळ मागे पडतं.

त्यात भरावाची भर पडते. रस्ता किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, की मागची खारफुटी हळूहळू वाळते. मग ती जागा "ओसाड" दिसू लागते.

झाडं वाढली म्हणजे खाडी सुधारली का?

तसंच काही नाही. ठाणे खाडीत गाळ साचत गेला आणि नव्या चिखलावर खारफुटी पुढे सरकली. झाडी वाढली, पण खाडीचं पात्र उथळ झालं आणि पक्ष्यांना चरायला लागणारा उघडा चिखल कमी झाला. फक्त हिरवा रंग मोजला, तर हा बदल लक्षातच येत नाही.

डोंगरावरची गोष्ट वेगळी कशी?

उद्यानातलं जंगल टिकण्यामागे पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा आहे. विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी तलाव 1879 मध्ये पूर्ण झाला. शहराचं पाणी शुद्ध राहावं म्हणून तलावांभोवतीची जमीन राखली गेली आणि तिथली झाडीही वाचली.

मालाडच्या खाणींचं नशीब उलटं होतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याच्या करड्या दगडासोबत मालाडचा पिवळसर दगड वापरला आहे. खाण खोदताना दगडाआधी वरची माती जाते. मातीबरोबर बिया, मुळं आणि बुरशीही जातात. अशा उघड्या कातळावर झाडोरा जवळजवळ शून्यापासून सुरू होतो. आधी गवत येतं, मग वाऱ्याने किंवा पक्ष्यांनी आणलेल्या बियांची झुडपं.

इथेच बाहेरून आलेल्या वनस्पतींना संधी मिळते. एकोणिसाव्या शतकात शोभेचं झुडूप म्हणून आणलेली घाणेरी गुरं सहसा खात नाहीत, पण तिची फळं पक्षी आवडीने खातात आणि बिया सगळीकडे पसरवतात. सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही दोन्ही झाडं मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. पडीक जमीन लवकर हिरवी दिसावी म्हणून ती अनेक ठिकाणी लावली गेली. ती एकदा दाट वाढली, की स्थानिक रोपांना जागा आणि ऊन मिळणं कठीण होतं.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

रोपं लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा: इथे पूर्वी काय होतं आणि ते का गेलं? खारफुटी भरतीचं पाणी अडल्यामुळे वाळली असेल, तर हजार रोपं लावूनही ती जगणार नाहीत. आधी पाण्याची वाट मोकळी करावी लागेल. ती झाली आणि जवळ खारफुटी असली, तर भरतीबरोबर आलेल्या बिया अनेकदा आपोआप रुजतात. खाणीच्या जागी आधी माती धरून ठेवावी लागेल.

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभर खारफुटी तोडण्यावर आणि तिथे भराव टाकण्यावर बंदी घातली. 2018 च्या निकालात खारफुटीभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. त्यामुळे खाडीकाठची एखादी जागा मोकळी दिसली, म्हणून ती रिकामी ठरत नाही. तिथली झाडं कदाचित पाण्याची वाट बंद झाल्यामुळे गेली असतील आणि पाणी परत आलं, तर ती परतूही शकतात.