पुढच्या काचेवरचा फवारा बंद पडतो तेव्हा

पावसाची पहिली सर नुकतीच येऊन गेलेली असते. रस्ता धुतला गेलेला नसतो, नुसता भिजलेला असतो. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि वाहनांतून ठिबकलेले तेल यांचा चिकट थर त्यावर तयार झालेला असतो. अशा वेळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढे चाललेला एखादा टँकर हा चिखल उडवतो आणि तो थेट आपल्या गाडीच्या काचेवर येऊन बसतो. चालक वायपर सुरू करतो. चिखल निघत नाही, उलट काचभर सारवला जातो. पाण्यासाठी तो दांडी ओढतो. बॉनेटखालून मोटरची घरघर ऐकू येते, पण पाण्याचा थेंबही उडत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोरचे काहीही न दिसता तीन सेकंद गेले तर ६६ मीटरचे अंतर आंधळेपणाने कापले गेले, असा त्याचा हिशेब होतो.

वायपर ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन या महिलेने १९०३ मध्ये आतून हाताने फिरवण्याच्या वायपरचे पेटंट घेतले. काच पुसणे आणि काच धुणे या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, हे मात्र पुढे अनुभवाने उमगले. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकात या दोन्हींचा एकत्रच विचार केलेला आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ हा वायपरसंबंधीचा आहे. पण कोरड्या, धुळकट काचेवर फिरणारा वायपर काचेचे भले करत नाही. वाळूतील क्वार्ट्झचा कण काचेपेक्षा कठीण असतो. तो वायपरच्या रबराखाली सापडला की काचेवर अर्धवर्तुळाकार चरे उमटतात. दिवसा ते फारसे जाणवत नाहीत, पण रात्री समोरच्या वाहनाचा झोत पडताच साऱ्या काचेवर प्रकाशाचे जाळे पसरते. हे चरे घासून सहसा जात नाहीत आणि काच बदलण्याचा खर्च मोठा असतो.

फवाऱ्याची यंत्रणा अगदी साधी आहे. बॉनेटखाली एका कोपऱ्यात, बहुधा पुढच्या चाकाच्या वरच्या बाजूला, प्लास्टिकची एक टाकी असते. टाकीच्या तळाशी १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप बसवलेला असतो. तेथून निघालेली बारीक नळी बॉनेटच्या बिजागरीजवळून वर जाते, एका 'टी'पाशी दुभंगते आणि दोन नोझलना पाणी पुरवते. नळीत कोठेतरी पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते. तिच्यामुळे नळीतले पाणी परत टाकीत उतरत नाही. दांडी ओढल्यावर पहिले दोन-तीन सेकंद काहीच न होता मग पाणी येत असेल, तर नोझलला दोष देण्याआधी या झडपेचा संशय घ्यावा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ठरवणे महत्त्वाचे. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, कान पुरेसे असतात. टाकीत पाणी आहे याची खात्री करावी. (हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण गॅरेजमध्ये येणाऱ्या अशा तक्रारींपैकी काहींचे कारण रिकामी टाकी हेच निघते.) मग इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन सुरू करावे, दांडी ओढावी आणि ऐकावे. आवाजच येत नसेल तर दोष विजेच्या बाजूचा, म्हणजे फ्यूजचा, जोडणीचा, पंपाचा किंवा खटक्याचा असतो. आवाज येतो पण पाणी येत नाही, किंवा एकाच नोझलमधून येते, किंवा फवाऱ्याऐवजी बॉनेटवर नुसता ओघळ येतो, असे असेल तर दोष पाण्याच्या वाटेत आहे. पंप कोरडा किंवा तुंबलेल्या स्थितीत दीर्घकाळ चालवू नये, तो तापून जळण्याचा संभव असतो. चार-पाच सेकंदांवर दांडी ओढून धरू नये.

यानंतरची परीक्षा निर्णायक ठरते. बॉनेट उघडून नोझलच्या खालच्या टोकाला लावलेली नळी हलक्या हाताने काढावी आणि कोणाला तरी आतून दांडी ओढायला सांगावी. नळीतून पाणी जोरात उसळले तर नोझल तुंबले आहे. तेथेही पाणी आले नाही तर दोष मागे, टाकीच्या दिशेने शोधावा लागतो. इग्निशन सुरू असताना रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा अचानक फिरू लागू शकतो, म्हणून हात त्यापासून दूर ठेवावेत.

नोझल तुंबण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण म्हणजे जड पाणी. शहरांभोवतीच्या अनेक गृहसंकुलांना वर्षातले काही महिने बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर भागवावे लागते आणि गाडीच्या टाकीतही तेच पाणी जाते. नोझलचे छिद्र एक मिलिमीटरहूनही लहान असते. उन्हात तापलेल्या बॉनेटवर त्या छिद्रातला शेवटचा थेंब वाळतो आणि त्यातील क्षार तेथेच राहतात. बादलीच्या कडेला धरणारा पांढरा थर तो हाच. घरच्या आरओ शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी साठवून गाडीत घालण्याची सवय काटकसरी घरांत दिसते. पाणी वाचवण्याचा हेतू स्तुत्य असला तरी या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशीसाठी वापरावे, फवाऱ्यासाठी नव्हे.

दुसरे कारण आपणच टाकीत घालतो. केसांचा शाम्पू, भांडी घासण्याचे जेल, कपड्यांची पावडर असे काहीबाही टाकीत ओतले जाते. अंदाज चुकला की ते दाट राहते, छिद्रात सुकते आणि त्याचा बूच बनतो. दोन निरनिराळ्या प्रकारची तयार द्रावणे मिसळली तरी कधीकधी साका धरतो. याशिवाय गाडीला पॉलिश करताना बोटाने दाबले गेलेले मेण, कोकणातली तांबडी धूळ, टाकीत वाढलेले शेवाळ आणि बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत किड्यांनी छिद्रात भरलेली माती, ही कारणेही आढळतात.

नोझल साफ करण्याआधी ते कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. जुन्या पद्धतीच्या नोझलमध्ये बारीक छिद्राची लहानशी गोळी दिसते आणि त्यातून पाण्याची सरळ धार निघते. हिच्यात टाचणी घालता येते. तरीही शिवणाची जाड सुई खुपसून ती गोलगोल फिरवण्याचा मोह टाळावा. छिद्र मोठे झाले की धारेचा जोर कायमचा जातो. विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एक बारीक तार सुईपेक्षा चांगली, कारण ती मऊ असते आणि छिद्राला इजा करत नाही. दुसऱ्या जातीचे नोझल पाण्याचा पंखा पसरवते. त्याच्या आत एक छोटी पोकळी असते. तिच्यातून जाताना पाणी वेगाने डावीउजवीकडे हेलकावते आणि त्यामुळे फवारा रुंद होतो. या पोकळीला ओरखडा गेला तरी फवारा फाटतो. त्यामुळे या नोझलमध्ये सुई, टाचणी, तार यांपैकी काहीही घालू नये.

दोन्ही जातींना चालणारी उत्तम पद्धत म्हणजे उलट दिशेने धुणे. छिद्रात अडकलेला कण आतून आलेला असतो. त्याला बाहेरून ढोसले तर तो आत सरकतो आणि पुढच्या दाबाबरोबर पुन्हा तेथेच येऊन बसतो. म्हणून नळी काढून ठेवावी आणि हवा भरण्याच्या पंपाचे निमुळते तोंड बाहेरून छिद्रावर टेकवून हवा द्यावी. औषधांच्या दुकानात मिळणारी सुईविरहित सिरिंज पाण्याने भरून वापरली तरी चालते. नळी जोडलेली असताना मात्र हा प्रयोग करू नये. हवेच्या दाबाने आतला सांधा निखळू शकतो आणि मळ पुन्हा नळीत जातो.

एवढ्याने भागले नाही तर अडथळा क्षारांचा आहे असे समजावे. बहुतेक गाड्यांत नोझल खालच्या बाजूने दोन पाकळ्या दाबून वर काढता येते. जुन्या गाडीत हे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. त्यावर आधी कोमट पाणी ओतले तर पाकळ्या तुटण्याची भीती कमी होते. काढलेले नोझल वाटीभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवावे. व्हिनेगरऐवजी गरम पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड विरघळवले तरी तेच काम होते. आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि बारीक बुडबुडे निघताना दिसतात. बुडबुडे थांबल्यावर नोझल स्वच्छ पाण्याने आतबाहेर धुवावे. व्हिनेगर गाडीच्या रंगावर सांडू देऊ नये. सांडलेच तर लगेच पाण्याने धुऊन टाकावे. दोनदा भिजवूनही छिद्र उघडले नाही तर आणखी खटपट न करता नवे नोझल बसवणे शहाणपणाचे.

नळी काढूनही पाणी आले नसेल तर काम जरा वाढते. नळी संपूर्ण लांबीभर डोळ्यांखालून घालावी. बॉनेटच्या बिजागरीजवळ ती दुमडते आणि तेथेच चिरते. तळमजल्यावर किंवा झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीरही ती कुरतडतात. गाडीखाली थारोळे दिसले तर हे कारण जवळपास निश्चित समजावे. चिरलेला तुकडा कापून त्याच व्यासाची नळी घालता येते. झडप काढून साफ केली असेल तर तिच्यावरचा बाण नोझलच्या दिशेला राहील अशीच ती परत बसवावी. ती उलटी बसली की सारी मेहनत वाया जाते आणि चूक लवकर सापडतही नाही.

शेवटी राहते टाकी. तिच्या तळाशी पंप जेथे रबराच्या वर्तुळात खुपसलेला असतो, तेथे अनेक गाड्यांत एक बारीक जाळी असते. तिच्यावर शेवाळाचा हिरवट, बुळबुळीत थर धरतो. पंप ओढून काढताच टाकीतले सगळे पाणी खाली येते, म्हणून आधी टब ठेवावा. जाळी जुन्या टूथब्रशने घासावी आणि टाकी गरम पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यावी. काही गाड्यांत टाकीपर्यंत पोहोचण्यासाठी चाकावरचे प्लास्टिकचे अस्तर सोडवावे लागते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी गॅरेजमध्ये स्पष्टपणे 'टाकी आणि जाळी साफ करा' असे सांगावे. नियमित सर्व्हिसिंगमध्ये टाकी भरली जाते, पण धुतली जातेच असे नाही. आवाजच न येणाऱ्या पंपाच्या बाबतीत आधी फ्यूज पाहावा आणि उडालेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेणे म्हणजे वायरिंग जाळण्याला आमंत्रण होय.

टाकीतल्या साचलेल्या पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. लेजिओनेअर्स हा न्यूमोनियाचा गंभीर प्रकार आहे आणि त्याचे जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात. ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टाकीत नुसते पाणी वापरणाऱ्या वाहनचालकांमध्ये या आजाराचा धोका अधिक असल्याचे आढळले होते. काच धुण्याचे द्रावण पाण्यात मिसळावे, असा सल्ला त्या वेळी तेथे देण्यात आला. आपल्याकडे टाकी इंजिनाजवळ तापते आणि तेच पाणी महिनोन्‌महिने तिच्यात राहते. तेव्हा हा सल्ला येथेही गैरलागू नाही. तयार द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घालावे. पाणी शक्यतो पिण्याच्या फिल्टरचे किंवा बॅटरीसाठी मिळणारे क्षारविरहित घ्यावे. एअर कंडिशनरचे ठिबकणारे पाणी फडक्यातून गाळून वापरणारेही काही जण आहेत. त्यात क्षार नसतात, त्यामुळे द्रावण मिसळले असेल तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. हिवाळ्यात लेह किंवा मनालीकडे गाडी नेणाऱ्यांनी मात्र टाकीत साधे पाणी ठेवूच नये. ते गोठते आणि टाकी व पंप दोन्ही फुटतात.

सर्व जोडून झाल्यावर धारेची दिशा तपासावी. गोळीच्या नोझलमध्ये टाचणीचे टोक किंचित घालून गोळी फिरवता येते. पंख्याच्या नोझलची उंची काही गाड्यांत छोट्या स्क्रूने बदलते. गाडी उभी असताना पाणी काचेच्या मध्याच्या थोडे वर पडले पाहिजे, कारण वेगात असताना वारा धार खाली दाबतो. त्याहून वर नेम धरला तर पाणी छपरावरून मागे जाते आणि मागच्या दुचाकीस्वाराला नाहक आंघोळ घडते.

वाटेतच फवारा बंद पडला तर वेग कमी करून सुरक्षित जागी, शक्यतो पेट्रोल पंपावर थांबावे आणि बाटलीतल्या पाण्याने काच धुवावी. पावसात वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळण्याचा जुन्या ट्रकचालकांचा उपाय अजूनही ऐकायला मिळतो. त्याने पाणी काचेवर पसरते खरे, पण चिखल निघत नाही.

मागच्या काचेला फवारा असलेल्या हॅचबॅक गाड्यांत बरेचदा एकच पंप दोन्हीकडे पाणी देतो. तो एका दिशेने फिरला की पुढे आणि उलट फिरला की मागे पाणी जाते. म्हणून पुढचा फवारा बंद आणि मागचा चालू असेल तर मोटर ठीक आहे असे समजून नळीकडे व नोझलकडे वळावे. मागची नळी बहुधा छताच्या अस्तराखालून जाते. अस्तरावर ओला डाग दिसला तर मागची दांडी वापरणे तत्काळ थांबवून गाडी गॅरेजमध्ये न्यावी. ते अस्तर घरी उतरवण्याच्या भानगडीत पडू नये.