आधी काळीची पूजा, मग जेवण : एक शिलालेख आणि आपल्या कुत्र्याचे दात-डोळे

या मालिकेत आपण एरवी किल्ले, ताम्रपट आणि राजघराणी यांच्याबद्दल बोलतो. आज एका कुत्र्याबद्दल बोलणार आहे, आणि बोलता बोलता तुमच्या-माझ्या घरातल्या कुत्र्याच्या दातांपर्यंत आणि डोळ्यांपर्यंत येणार आहे. विषय किरकोळ वाटेल. पण यात माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती आता भरून निघणारी नाही. म्हणून हा भाग.

सुरुवात बंगळुरूतून करू. कब्बन पार्कला लागून, कस्तुरबा रोडवर, लाल रंगाची सरकारी संग्रहालयाची जुनी इमारत आहे. संग्रहालय 1865 सालचं. तिथल्या शिलालेखांत एक दगड आहे आतकूरचा. आतकूर हे मंड्या जिल्ह्यात मद्दूर तालुक्यातलं गाव. दगडावर कन्नड लेख आहे, आणि एक शिकारी कुत्रं रानडुकराला भिडलंय असं शिल्प आहे. साल शके 872, म्हणजे इ.स. 949-50.

काळ राष्ट्रकूटांचा. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी कोरलं, त्याच घराण्यातला राजा तिसरा कृष्ण. त्याने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्याच्या बाजूने गंग घराण्यातला बूतुग लढला आणि बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. मणलेराने पराक्रम गाजवला, तेव्हा त्याला विचारलं गेलं, काय हवं ते माग. त्याने मागितलं एक कुत्रं. त्याचं नाव काळी.

पुढे एका टेकडीजवळ काळीला मोठ्या रानडुकरावर सोडलं. दोघं एकमेकांना भिडली आणि दोघंही तिथेच मेली. मणलेराने आतकूरच्या चल्लेश्वराच्या देवळासमोर काळीच्या नावाने दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी तलावाखालची जमीन लावून दिली, आणि लेखात एक अट घातली. देवळाचा कारभार पाहणाऱ्या गोरवाने, म्हणजे शैव पुजाऱ्याने, या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही. जेवला तर त्या कुत्र्याचं पाप त्याला लागेल.

गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण मला त्यातली ही अट जास्त महत्त्वाची वाटते. दगड एकदा उभा केला की काम संपतं. ही अट मात्र रोजची आहे. आधी काळी, मग तुझं ताट. कुत्र्याचं देणं दररोज फेडायचं असतं, हे कुणीतरी हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवलं.

आता म्हणाल, जुन्या लोकांना कुत्र्यांची माहिती किती होती? भरपूर होती. आपल्या मराठी वाचकांना ‘मानसोल्लास’ हे नाव परिचित असेल, कारण मराठी भाषेच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा हा संस्कृत ग्रंथ, शके 1051 चा. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या करमणुकींची प्रकरणं आहेत आणि त्यात ‘सारमेयविनोद’ हे खास कुत्र्यांचं आहे. पुढच्या काळात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपड्यांनी मुधोळ कुत्र्याची जात जोपासली. आपल्याकडे याच कुत्र्याला कारवानी म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता.

म्हणजे कुत्र्याची चाल, छाती, वास घ्यायची ताकद, वेग, हे सगळं पाहणारी नजर आपल्याकडे होती. पण तोंड उघडून आत कोण पाहत होतं?

इथे आपली भाषाच साक्ष देते. बैलाचे दात आपण पिढ्यान् पिढ्या मोजत आलो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. बाजारात बैलाचं तोंड उघडल्याशिवाय सौदा होत नसे. दान मिळालेल्या गायीचे दात मोजू नयेत, ही म्हणही त्यातूनच आली. कुत्र्याच्या दातांवर अशी एकही मोजणी मला माझ्या भाषेत आठवत नाही. कुत्रं विकत घ्यायचं नव्हतंच. ते दारात यायचं आणि राहायचं. त्याचे दात आपल्याला ठाऊक होते ते फक्त ते चावतात म्हणून.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. कुत्र्याचे दुधाचे दात पडतात की नाही, यावरच तेव्हा लोकांत वाद होता. काही म्हणत, पडतच नाहीत. काही म्हणत, फक्त सुळे पडतात. अॅरिस्टॉटल सांगतो की ते पडतात, पण आत दुसरे तयार झाल्याशिवाय पडत नाहीत, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. कुत्रं रोज पायाशी बसलेलं, आणि त्याचे दात पडतात का, यावर वाद! पिल्लाचे 28 दात असतात, ते सहा-सात महिन्यांपर्यंत पडून 42 कायमचे येतात. आजही कितीतरी घरांत हे 28 दात कधी गेले ते कळत नाही.

जुन्या काळात हे चालून जायचं. अंगणातलं कुत्रं म्हातारं होईपर्यंत क्वचितच जगे. बिबट्या, पिसाळणं, गोचीड, उपासमार, यातलं काहीतरी त्याला आधीच गाठत असे. दात किडायला तरी आयुष्य लागतं.

बंगळुरूत हे बदलत गेलं. 1809 मध्ये इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि साहेबाच्या बंगल्यातलं कुत्रं गादीवर आलं. 1958 मध्ये हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. मग बंगले पाडून अपार्टमेंट झाली, आणि कुत्रं चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहायला गेलं. लसीकरण झालं, जेवण वेळेवर मिळू लागलं. आता कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. काळीला जे दुखणं अनुभवायला वेळच मिळाला नाही, ते आपल्या कुत्र्याला आयुष्यभर सोसावं लागतं. आणि आपली नजर मात्र अजून अंगणातलीच आहे.

माझी चूक यातूनच झाली. आमच्याकडे रस्त्यावरून आणलेली कुत्री आहे. आठ वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर ती गवतात हुंदडून आली. संध्याकाळी एक डोळा बारीक करू लागली, पंजाने चोळू लागली. मला वाटलं, धूळ गेली असेल. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात उरलेले होते. डोळ्याचंच औषध आहे, म्हणून मी घातले. लाली जरा उतरल्यासारखी वाटली, म्हणून आणखी दोन दिवस घातले.

तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरं फूल दिसलं. डॉक्टरांनी भूल देऊन तिसरी पापणी उचलली. कुत्र्याला आतल्या कोपऱ्यात एक जादा पापणी असते. तिच्यामागे गवताचं कुसळ होतं. त्याने बुबुळ घासून जखम झाली होती, आणि मी घातलेल्या थेंबांत स्टिरॉइड होतं. बुबुळावर जखम असताना स्टिरॉइड पडलं तर ती भरत नाही, उलट खोल जाते. लाली उतरते, त्यामुळे बरं वाटतंय असा भास होतो. त्या डोळ्याने ती आता पाहू शकत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, अशी म्हण आपण सतत वापरतो. मला ते दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच वेळी तिचा ओठ वर करून दाखवला. मागच्या वरच्या दाढांवर पिवळं-तपकिरी कीटण, हिरडी लाल, बोट लागताच रक्त. तोंडाला वास येत होता आणि तो कुत्र्याचा नेहमीचा वास असं आम्ही समजत होतो. तो नेहमीचा नसतो. तो बहुतेक वेळा हिरड्या सुजल्याचा असतो. दुखत असूनही कुत्रं खात राहतं, म्हणून आपल्याला कळत नाही.

त्यानंतर आठ वर्षं आमच्या घरी जे चालतं ते सांगतो.

आधी दात. दातांवर जेवणानंतर मऊ थर बसतो, काही दिवसांत त्याचं कडक कीटण होतं. थर ब्रशने निघतो, कीटण निघत नाही. म्हणून ब्रश रोजचा. पहिल्या दिवशी ब्रश तोंडात घालू नका. आठवडाभर नुसता ओठ उचला, शाबासकी द्या. मग बोटाला ओलं मलमलचं फडकं गुंडाळून दात पुसा. मग मऊ ब्रश. बाहेरची बाजू महत्त्वाची, त्यातही वरच्या मागच्या दाढा. एका बाजूला अर्धा मिनिट पुरतो. जबडा उघडायची गरज नाही.

पेस्ट कुत्र्यांसाठीचीच हवी, किंवा नुसतं पाणी. आपली पेस्ट नको, कारण कुत्रं चूळ भरत नाही, ते गिळतं. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते, यकृतही बिघडू शकतं. मीठ, मिश्री, लिंबू काहीही नको. चघळायला द्याल ते नखाने दाबून पाहा. नख रुतत नसेल तर ते दाढ फोडू शकतं. शिजवलेलं हाड तर कधीच नको, त्याचे टोकदार तुकडे होतात. आणि साचलेलं कीटण भूल देऊन डॉक्टरांनीच काढायचं. शुद्धीत असताना वरवर खरवडलं की दात पांढरे दिसतात, हिरडीखालची घाण तशीच राहते.

मग डोळे. रोज खिडकीच्या उजेडात दोन्ही डोळे एकमेकांशी ताडून पाहा. सकाळचं थोडं चिपड चालतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा, आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्या. पग, शिहत्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे बाहेर आलेले असतात, त्यांना जास्त जपा. स्कूटरवर किंवा गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढू देऊ नका. म्हातारपणी बाहुलीत निळसर झाक येते, ती बहुधा वयाची असते. पांढरेपणा आला तर मोतीबिंदू असू शकतो. फरक डॉक्टर सांगतील. पण डोळा बारीक करणं, पंजाने चोळणं, लाली, हिरवट-पिवळा स्राव, बुबुळावर ढगाळपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. घरातले थेंब नाहीत. माणसाचे तर नाहीतच.

ओठ उचलला की आणखी एक गोष्ट दिसते, हिरडीचा रंग. ती फिकी पडली, तिच्यावर लाल ठिपके आले, डोळेही लाल झाले, तर गोचीडतापाची शंका घ्या. आपल्या हवेत गोचीड बारमाही असतात.

आणि एक इशारा. हे सगळं आपल्या, लस दिलेल्या कुत्र्यासाठी. रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं लाळ गाळतंय, जबडा लोंबतोय, घशात हाड अडकल्यासारखं दिसतंय, तर तोंडात हात घालू नका. रेबीजमध्ये नेमकं असंच दिसतं. 1885 मध्ये पाश्चरने माणसाला पहिली लस टोचली, तरी आजही लक्षणं सुरू झाल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लाळ लागली किंवा ओरखडा उठला तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा.

या सगळ्याला रोज पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे ती रात्रीच्या जेवणाआधी असतात. आधी तिचे दात, तिचे डोळे, मग आमची ताटं. हा नियम मी आतकूरच्या त्या दगडावरून घेतला. गोरवाला पापाची भीती घालावी लागली, कारण ज्याची पूजा करायची ते कुत्रं मेलेलं होतं, ते आठवण करून देऊ शकत नव्हतं. आमचं जिवंत आहे. ताटं मांडली की ते स्वतःच येऊन बसतं, चांगला डोळा माझ्याकडे वळवून.

कधी कस्तुरबा रोडला गेलात तर तो दगड जरूर शोधा. आणि आज जेवायच्या आधी आपल्या कुत्र्याचा ओठ एकदा वर करून पाहा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.