मेंढी, आलू आणि दोन दुष्काळ

वाशीमच्या बाजारात ‘मटण द्या’ म्हटलं की बोकडाचं मिळतं. मेंढीचं हवं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. गंमत अशी, की मटण हा शब्द मुळात मेंढीचाच. फ्रेंचमध्ये ‘मुतों’ म्हणजे मेंढी. नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर तो शब्द इंग्लंडात गेला, तिथे मेंढीच्या मांसाचं नाव झाला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. इथे येऊन मात्र त्याने जनावर बदललं.

आयर्लंडच्या प्रसिद्ध स्टूबद्दल लिहिताना हा बदल ध्यानात ठेवावा लागतो. ‘आयरिश स्टू’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजी लिखाणात दिसतं. मेंढीचं मांस, आलू, कांदे, मीठ, मिरी आणि पाणी. बस, एवढाच त्याचा पसारा. पुढे कुणी गाजर घातलं, कुणी बार्ली. गाजर चालतं की नाही यावर तिथे अजून वाद होतात, जसे आपल्याकडे वरणातल्या गुळावरून होतात. हल्ली हॉटेलांतून हा स्टू कोकराच्या कोवळ्या मांसाचा मिळतो. जुना स्टू कोकराचा नव्हता. मेंढी पाळायची ती लोकरीसाठी आणि दुधासाठी, आणि कोकरू विकलं तर पैसे यायचे. भांड्यात पडायची ती कामातून गेलेली म्हातारी मेंढी. असलं चिवट मांस नुसतं परतून शिजत नाही. त्याला भरपूर पाणी, मंद आच आणि दोन-अडीच तास लागतात. स्टूची सगळी रीत जनावराच्या वयातून आली आहे, असं माझं मत आहे.

आपल्याकडच्या मेंढपाळाचा हिशेबही फार वेगळा नाही. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर १८७० सालचं. पैनगंगेच्या उत्तरेच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या हटकरांची, म्हणजे बर्गी धनगरांची, त्यात नोंद आहे. भालेवाले मेंढपाळ अशी त्यांची ओळख. मेंढीची लोकर घोंगडीला आणि लेंडी शेताला. शेतात रात्री कळप बसवायचा आणि त्याबद्दल शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, हा जुना व्यवहार. जिवंत मेंढी रोज रात्री काही ना काही कमावते, कापलेली एकदाच. बोकड ना दूध देतो ना लोकर, म्हणून सुरी त्याच्या मानेवर आली.

पण स्टूचा खरा इतिहास मांसात नाही, आलूत आहे. (पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ कोकणात आणि देशावर रुजला, आम्ही वऱ्हाडी लोक आलूच म्हणतो.) स्टूमधला आलू ही भाजी नव्हे, ती तिथली भाकर आहे. अठराशेच्या पुढे आयर्लंडमधला गरीब शेतमजूर जवळजवळ आलूवरच जगत होता. कष्टाची कामं करणारा माणूस दिवसाला पाच-सहा किलो आलू खाई. धान्य पिकत नव्हतं असं नाही. ते खंड भरण्यात आणि विक्रीत जाई. तुकडाभर जमिनीत कुटुंबाचं पोट भरणारं पीक एकच होतं, आणि त्यातही ‘लंपर’ नावाची एकच जात बहुतेकांनी लावलेली. १८४५ मध्ये बुरशीचा करपा आला आणि जमिनीतले आलू जमिनीतच सडले. पुढची काही वर्षं तेच. सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तेवढीच बोटींत बसून देशोधडीला लागली. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांच्या आसपास आली. याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. ज्याला आज पोटभरीचा शेतकरी पदार्थ म्हणून मिरवतात, त्यातलं मांस त्या मजुराला सणावारीच दिसत असणार.

हे सगळं वाशीमपासून वाटतं तेवढं दूर नाही. दुष्काळ भरात असताना, १८४७ मध्ये, किल्डेअर परगण्यातून एक तरुण ब्रिटिश संसदेत निवडून गेला. त्याचं नाव रिचर्ड बर्क, जन्म डब्लिनचा. हाच पुढे लॉर्ड मेयो म्हणून हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, आणि १८७० मध्ये खामगावला येऊन कापसाच्या बाजाराचं नि रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन करून गेला. मेयो म्हटलं की लोकांना १८७२ चा अंदमानातला खून आठवतो. खामगाव क्वचितच कुणाला आठवतं.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. अमेरिकेतल्या यादवीत मँचेस्टरचा कापूस अडला तशी आमच्या काळ्या मातीची किंमत वाढली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं आहे. बाजारासाठी पिकवण्याच्या ओढीत इथल्या खाण्याचा आधार खचला, ही त्यांची मांडणी मला पटते. मग १८९६-९७ आला आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९००. १९०१ च्या शिरगणतीत बाशीम जिल्ह्यात ३,५३,४१० माणसं उरली. दहा वर्षांतली घट ११ टक्के, तर अख्ख्या वऱ्हाडातली साधारण पाच. १९०५ मध्ये तो जिल्हाही मोडला. वाशीमला पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं. आयर्लंडात पीक सडलं आणि इथे पाऊस आला नाही, हा फरक पुसून चालणार नाही. पण दोन्हीकडे विकायचा माल वाटेला लागला होता आणि खायचं कोठार रिकामं होतं.

घरी हा स्टू करायचा तर मेंढीचंच मटण मागून घ्यावं. मानेचे नि नळीचे हाडासकट तुकडे. न मिळाल्यास जून बोकड चालेल, मात्र त्याला चरबी कमी. मटणाच्या दीडपट आलू आणि निम्मे कांदे. निम्म्या आलूंच्या पातळ चकत्या गंजाच्या तळाशी, त्यावर कांदा, त्यावर मटण, मीठ, कुटलेली मिरी, वरून उरलेले आलू अर्धे कापून. बुडेल इतकंच पाणी, घट्ट झाकण आणि दोन-अडीच तास मंद आच. फोडणी नाही, परतणं नाही. कुकरची शिट्टी नको, कारण तळचे आलू हळूहळू विरघळले पाहिजेत. रसाला दाटपणा त्यांचाच, वरचे आलू तेवढे अखंड राहतात. शेवटी तिकडे अजमोदासारखा हिरवा पाला घालतात. आपला सांबार (पुण्याकडची कोथिंबीर) घातला तर चव बदलते, पण बिघडत नाही.

पहिला घास फिका लागतो, हे सांगून ठेवतो. तर्रीची सवय झालेल्या जिभेला दुसऱ्या वाटीपर्यंत धीर धरावा लागतो. आपल्या रश्शात पाहुणे वाढले की पाणी वाढतं आणि ताटातली भाकर पोट भरते. तिथे ते काम भांड्यातच होऊन गेलेलं असतं. तरी आमच्या घरी सोबत भाकर लागलीच. ज्वारी बाजारातून आणलेली होती. आमच्या शिवारात आता सगळीकडे सोयाबीन आहे.