विंडोज चालू झालं म्हणजे जमलं?

घरी जोडलेला पीसी ओव्हरक्लॉक केला, विंडोज चालू झालं, की काम फत्ते असं मी मानत नाही. का, ते २००० सालच्या गोष्टीतून ऐका.

एएमडीशी शर्यत ऐन रंगात होती. ३१ जुलैला इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेन्टियम थ्री आणला. टॉम्स हार्डवेअरच्या थॉमस पाब्स्टने त्यावर लिनक्स कर्नल कंपाइल करायला घेतलं, तर काम मध्येच कोसळायचं. शेवटी इंटेलने मान्य केलं: ठरावीक तापमानाला, ठरावीक कोड चालवताना चिप गडबडते. ऑगस्टअखेर ती परत मागवली.

जिथे कारखान्याचीच चाचणी कमी पडली, तिथे आपलं काय! म्हणून मशीन अडखळलं, तर आधी वेग एक पायरी उतरवा. मग तापमान बघा, व्होल्टेज बघा. एका वेळी एकच बदल करा. आणि प्रत्येक बदलानंतर तासन्‌तास जड काम द्या.