भाड्याच्या घराची फरशी बदलताना कोणती निवडावी?

भाडेकरू बदलला की घराला रंग देता येतो, फरशी मात्र वर्षानुवर्षे तीच राहते. सातारा आणि सांगलीत ती निवडताना दरापेक्षा आधी पाणी आणि माती पाहावी लागते.

पूर आणि ओल
कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीच्या सखल भागांत शिरला. अशा ठिकाणी लाकडी लॅमिनेट नको. ते भिजले की फुगते. चिकटवलेल्या विनाइलखाली गाळ व ओल अडकते. व्हिट्रिफाइड टाइल्स जवळपास पाणी शोषत नाहीत आणि गाळ धुऊन पुन्हा वापरता येतात. पश्चिम साताऱ्यातील जास्त पावसाच्या गावांत व्हरांडा आणि न्हाणीघरासाठी खडबडीत पृष्ठभागाची टाइल घ्यावी.

शहाबादी आणि कोटा
हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ते झिजेला टिकतात, कोटा पुन्हा पॉलिशही करता येतो. पण लिंबू, चिंच किंवा संडास धुण्याचे ॲसिड पडले की डाग कायमचा राहतो. शहाबादी पार्किंग आणि अंगणासाठी चांगली. स्वयंपाकघरात टाइल सोयीची.

खालचा थर
कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फुगवटा आणि उन्हाळ्यात भेगा येतात. तळमजल्यावर काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुमसावा आणि त्यावर कोबा करावा. हे टाळले तर महागडी फरशीही खचते. जुन्या फरशीवर नवी बसवायची असल्यास आधी ठोकून पाहावे. पोकळ वाजणारी काढून टाकावी. उंची वाढल्याने दारे खालून तासावी लागतात, हा खर्चही धरावा.

खर्च कोणाचा?
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसल्यास, घर राहण्यायोग्य ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटिशीनंतर १५ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला ही रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. केवळ हौसेखातर बदललेली फरशी दुरुस्तीत मोजली जाईलच असे नाही. म्हणून कामाआधी मालकाची लेखी संमती घ्यावी आणि जुन्या फरशीचे फोटो ठेवावेत. अनामत परत घेताना तेच उपयोगी पडतात.

एकाच बॅचची एक पेटी जास्त घेऊन ठेवावी. पुढे एखादी टाइल फुटली तर त्याच रंगाची बाजारात मिळेलच असे नाही.